वाचकांचे प्रश्न : पीएचडीची जागा शोधताना

जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि त्यांना लागून असलेल्या तंत्रशाखांत पीएचडीची जागा कशी शोधावी, याविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतली सहा निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे गाळून फक्त गाव ठेवले आहे. एकाला दिलेले उत्तर बहुधा दुसऱ्याच्याही उपयोगी पडेल, म्हणून सगळी पत्रे वाचावीत अशी विनंती आहे.

प्रश्न : बाई, मी गोवा विद्यापीठातून सागरी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केली, 64 टक्के गुण आहेत. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या वेळी सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरलो, पण जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, थोडक्यात हुकली. घरची माणसे म्हणतात, बीएड कर आणि शाळेत लाग. जेआरएफ नसेल तर पीएचडीचा विचार सोडावा काय? आणि गोव्यातच राहून जागा मिळेल काय? – वाळपई

उत्तर : विचार सोडू नये. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या गुंत्यामुळे तुम्हाला वाट बंद झाल्यासारखी वाटते. पीएचडीसाठी विद्यापीठात नाव नोंदवले जाणे ही एक गोष्ट, पुढची चार-पाच वर्षे तुमचा खर्च कोण उचलणार ही दुसरी, आणि कोणाच्या हाताखाली कोणत्या प्रश्नावर काम करणार ही तिसरी. जेआरएफ मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. ती मिळालेला विद्यार्थी स्वतःचे पैसे घेऊन प्रयोगशाळेत येतो. 1 जानेवारी 2023 पासून ही रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ छात्रवृत्ती, झाल्यावर 42,000 रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. अशा विद्यार्थ्याला मार्गदर्शक लवकर मिळतो, हे खरेच आहे.

पण प्रवेशाचे दार तुमच्यासाठी उघडेच आहे. जून 2024 च्या परीक्षेपासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह, सहायक प्राध्यापकपद व पीएचडी प्रवेशासाठी, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. या गटातल्या उमेदवाराच्या प्रवेशात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के महत्त्व असते, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. म्हणून आज रात्रीच गुणपत्रिका काढून तिच्यावरची तारीख पाहा. हे वर्ष बीएडच्या अर्जांत गेले, तर हातात असलेली पात्रता वापरल्याविनाच संपेल. शिक्षकी पेशाविषयी मला अतिशय आदर आहे, मी स्वतः आयुष्यभर शिकवलेच आहे, पण बीएड पुढच्या वर्षीही करता येते.

आता पैशांचे. जैवतंत्रज्ञान विभाग, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, एएनआरएफ (संशोधनाला निधी देणारे केंद्रीय प्रतिष्ठान) अशांच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांत, प्रकल्पाच्याच पैशांतून, जेआरएफ किंवा प्रकल्प सहयोगी म्हणून माणसे घेतली जातात. त्या जागांची जाहिरात संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर येते आणि पुष्कळदा अर्जाची मुदत पंधरा-वीस दिवसांचीच असते. गोव्यात याबाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. दोना पावलाला एनआयओ, म्हणजे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आहे, वास्कोला सडा येथे अंटार्क्टिक आणि आर्क्टिक मोहिमा चालवणारे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, जुन्या गोव्याला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी शेतीची संस्था आहे, झुआरीनगरला बिट्सचा जीवशास्त्र विभाग आहे आणि ताळगावच्या पठारावर तुमचे विद्यापीठ आहेच. इतकी सागरी विज्ञानाची कामे इतक्या कमी अंतरात एकत्र असलेले दुसरे ठिकाण देशात क्वचितच सापडेल. एनआयओ ही सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेची प्रयोगशाळा असल्यामुळे तेथे एसीएसआयआर या पदवी देणाऱ्या संस्थेतर्फेही पीएचडी करता येते, आणि तिचे प्रवेश जानेवारी व ऑगस्ट अशा दोन सत्रांत होतात.

एक धोका मात्र आधीच सांगते, कारण यात मुले फसलेली मी पाहिली आहेत. प्रकल्पातली नेमणूक म्हणजे पीएचडीची नोंदणी नव्हे. प्रकल्प तीन वर्षांत संपतो, नोंदणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला होते, आणि मग शेवटची दोन वर्षे विद्यार्थी पगाराविना काढतो. मुलाखतीतच विचारा : नोंदणी कधी करता येईल, प्रकल्पाची किती वर्षे उरली आहेत, आणि तो संपल्यावर काय व्यवस्था होते. हे विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि चांगला मार्गदर्शक या प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने देतो.

जेआरएफसाठी आणखी एक प्रयत्न जरूर करा. जीवशास्त्राच्या पेपरात 200 पैकी 100 गुण तिसऱ्या भागाचे असतात. तेथे 75 प्रश्नांतले फक्त 25 सोडवायचे असतात, प्रत्येकी चार गुणांचे, आणि चुकल्यास त्याच्या पाव हिस्सा, म्हणजे एक गुण, कापला जातो. तेराही घटक वरवर वाचणाऱ्यापेक्षा पाच-सहा घटक मुळापासून समजून घेणाऱ्याला हा भाग साथ देतो. तुमची जेआरएफ थोडक्यात हुकली आहे, तेव्हा ती येथेच मिळवता येईल. त्याबरोबर जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी ही वेगळी परीक्षाही द्या, तिच्यातूनही जेआरएफ मिळते.

प्रश्न : मी आतापर्यंत साठ प्राध्यापकांना ईमेल पाठवले. दोघांचेच उत्तर आले, तेही ‘जागा नाही’ एवढेच. माझे एमएस्सीचे डेझर्टेशन खाजन, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाडीकाठच्या, जमिनीतल्या जीवाणूंवर होते. ईमेलसोबत पत्राचा नमुना पाठवत आहे. त्यात काय चुकते? – म्हापसा

उत्तर : तुमचा नमुना मी दोनदा वाचला. पहिले वाक्य असे आहे, की आपण अत्यंत मेहनती, जिज्ञासू आणि संशोधनाची आवड असलेली विद्यार्थिनी आहात. दुसरे असे, की आदरणीय महोदयांच्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याचे आपले स्वप्न आहे. हे पत्र वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला गेले काय आणि कर्करोगावर काम करणाऱ्याला गेले काय, त्यातला एकही शब्द बदलावा लागणार नाही, आणि ज्याला ते मिळते त्याला हे पहिल्या ओळीतच कळते. मी शिकवत असताना मलाही अशी पत्रे येत. एकात माझे नाव बाकीच्या मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरांत होते, म्हणजे ते नंतर चिकटवलेले होते, आणि तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच प्राध्यापकाचे नाव तसेच राहून गेले होते. मुलगा कदाचित खरोखर हुशार असेल. पण ते ओळखण्याजोगे काहीच त्याने मला दिले नव्हते.

साठ पत्रांऐवजी सहा लिहा आणि प्रत्येकापूर्वी त्या माणसाचे गेल्या तीन-चार वर्षांतले निदान दोन शोधनिबंध वाचा. संपूर्ण समजले नाहीत तरी चालेल, पण कोठे समजले नाही ते वहीत लिहून ठेवा, कारण बहुधा तेथेच तुमचा प्रश्न दडलेला असतो. पत्र इंग्रजीत जाईल. त्याचा गाभा कसा असावा, हे मी तुमच्याच डेझर्टेशनवरून येथे मराठीत लिहून दाखवते.

‘पावसाळ्यानंतर गोव्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात, याविषयीचा आपला निबंध वाचला. एमएस्सीला मी चोडणच्या खाजनातल्या गाळातून नायट्रेट वापरणारे जीवाणू वेगळे केले. मानशीतून (बांधाच्या झडपदारातून) भरतीचे पाणी आत आल्यानंतर सहा तासांनी मी नमुने घेत असे. माझ्या बाटल्यांत नायट्रेट कमी होत होते, पण नायट्राइट साचत राहिले. चाचणीत दर वेळी गडद गुलाबी रंग चढे. नायट्राइटचे पुढे रूपांतर का होत नव्हते, हे मला तेव्हा उलगडले नाही. जीवाणूंत पुढच्या पायरीचे जनुक नव्हते की परिस्थिती अनुकूल नव्हती, हे तपासण्याची साधने माझ्याकडे नव्हती. आपल्या प्रयोगशाळेत हे जनुक मोजले जातात. पुढच्या सत्रात आपल्याकडे पीएचडीसाठी जागा आहे काय? मी नेट पात्र आहे, गुणपत्रिका आणि दोन पानांचा सीव्ही जोडला आहे.’

एवढेच पुरे. या पत्रात स्वतःची स्तुती कोठेच नाही, तरी चिखलात उतरून वेळ पाळून नमुने घेणारी, रंग पाहून थांबणारी आणि न समजलेले लपवून न ठेवणारी मुलगी त्यात दिसते. आम्हा शिकवणाऱ्यांना विद्यार्थ्यात हेच हवे असते. गुण गुणपत्रिकेत दिसतातच.

उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी एकदा, आणि एकदाच, नम्र आठवण द्यावी. ‘जागा नाही’ हे उत्तरही मनाला लावून घेऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडी विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्याला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणून नामांकित ज्येष्ठांइतकेच लक्ष नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांकडे द्या. त्यांच्या जागा रिकाम्या असतात, काम उभे करण्याची त्यांना निकड असते, आणि ती माणसे अजून स्वतः प्रयोगाच्या टेबलाशी उभी राहतात. पहिल्या विद्यार्थ्याला त्यांच्याकडून जे शिकायला मिळते, ते मोठ्या गटातल्या विसाव्या विद्यार्थ्याला क्वचित मिळते. हे माझे वैयक्तिक मत आहे, पण पुष्कळ वर्षे पाहून झालेले मत आहे.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीची पदवीधर आहे, 8.4 सीजीपीए आहे. दोन वर्षे पर्वरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम केले. मला जीवशास्त्रातल्या माहितीवर, म्हणजे जनुकांच्या क्रमांवर, काम करायचे आहे. एमटेक नसताना पीएचडी करता येईल काय? जीवशास्त्र मी बारावीपर्यंतही घेतले नव्हते. – फोंडा

उत्तर : करता येईल. 2022 च्या नियमांनी चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला परवानगी दिली आहे, मात्र 75 टक्के किंवा तितकीच श्रेणी हवी. तुमच्या विद्यापीठाच्या सूत्रानुसार सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर किती होते, ते आधी पाहून घ्या. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीत बीटेकवाल्यांना थेट पीएचडीला घेण्याची पद्धत जुनी आहे. त्यासाठी गेट ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी. तुमच्या स्वतःच्या संगणकशास्त्राच्या पेपरात चांगला गुणांक आणणे हे जीवशास्त्राचा पेपर नव्याने शिकून देण्यापेक्षा सोपे जाईल, आणि गेटचा गुणांक तीन वर्षे चालतो. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत आणि दिल्लीच्या आयआयआयटीत संगणकीय जीवशास्त्राचे स्वतंत्र गट आहेत. बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) जीवशास्त्राच्या पीएचडीसाठी जी संयुक्त परीक्षा घेतात, तिचीही माहिती काढा.

जीवशास्त्र शिकलेले नसणे ही अडचण आहे, पण ती वर्षभरात दूर होते. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. प्रोग्रॅमिंग येणारी व्यक्ती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, की सगळे आपापली माहिती घेऊन तिच्याकडे येतात, प्रत्येकाच्या निबंधात तिचे नाव मधोमध कोठे तरी लागते, आणि चार वर्षांनी तिच्या हाती स्वतःचा प्रबंध नसतो. हे टाळण्यासाठी तुमचा प्रश्न पहिल्या वर्षीच तुमचा असला पाहिजे. उदाहरणार्थ, झुआरीच्या एका बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून तेथे कोणते मासे होते हे ओळखता येते, पण त्यासाठी मिळालेले क्रम आधीच ओळख पटलेल्या जातींच्या यादीशी ताडून पाहावे लागतात, आणि ज्या जातीचा क्रम यादीत नाही ती सापडूनही ओळखू येत नाही. अशा अपुऱ्या यादीतून कितपत खात्रीचे निष्कर्ष काढता येतात, हा मुळात संगणकाचा आणि संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. तो सोडवण्यासाठी दोन मार्गदर्शक घ्या, एक तुमच्या मूळ विषयातला आणि एक जीवशास्त्रातला, आणि दोघांची एकत्र बैठक दर महिन्याला व्हावी असा आग्रह पहिल्या दिवसापासून धरा.

प्रश्न : एक सल्लागार पीएचडीला प्रवेश आणि दोन शोधनिबंध ‘करून देतो’ म्हणतो आणि दीड लाख मागतो. मुलाने पैसे भरावेत काय? – मडगाव

उत्तर : भरू नयेत. प्रवेशासाठी फक्त संस्थेचे शुल्क असते आणि ते थेट संस्थेच्या खात्यात जाते. दुसऱ्याने लिहिलेला निबंध आपल्या नावाने छापणे ही फसवणूक आहे आणि ती उघडकीस आल्यावर मिळालेली पदवीही जाते. 2022 च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे अशी अट राहिलेली नाही, तेव्हा त्या भीतीचाही कोणाला व्यापार करू देऊ नका. मुलाला म्हणावे, पैसे देण्याऐवजी एखाद्या प्रयोगशाळेत सहा महिने प्रशिक्षणार्थी म्हणून काम कर.

प्रश्न : माझी एमएस्सी यंदा संपते. जर्मनीतली एक जाहिरात पाहिली, तिच्यात ‘टीव्ही-एल ई-13, 65 टक्के’ असे लिहिले आहे. हे काय असते? परदेशासाठी अर्ज कधी करावा? आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) सगळे द्यावे लागते काय? – काणकोण

उत्तर : जर्मनीत पीएचडी करणारा पुष्कळदा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. टीव्ही-एल हा तेथील राज्य सरकारांच्या कर्मचाऱ्यांचा वेतनकरार, ई-13 ही त्यातली श्रेणी, आणि 65 टक्के म्हणजे त्या श्रेणीच्या पूर्ण पगाराचा तेवढा भाग. जीवशास्त्रात हा आकडा नेहमी दिसतो. काम मात्र पूर्ण वेळ करावे लागते, हे मनाशी धरूनच जावे. नेदरलँड्समध्ये बहुधा चार वर्षांची नोकरी असते, डेन्मार्कमध्ये तीन. या तिन्ही देशांत पीएचडीसाठी सामान्यतः पदव्युत्तर पदवी लागते, आणि प्रयोग करून लिहिलेल्या तुमच्या डेझर्टेशनला तेथे मान असतो. युरोपातल्या जागा वर्षभर निघत राहतात आणि युरॅक्सेस या युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात. समुद्रविज्ञानासाठी ब्रेमेनची सागरी सूक्ष्मजीवशास्त्राची माक्स प्लांक संस्था, कीलचे जिओमार आणि नेदरलँड्सच्या टेक्सेल बेटावरील निओझ ही नावे लक्षात ठेवा.

युरोपीय आयोगाच्या निधीवर चालणाऱ्या मारी क्युरी जाळ्यातल्या (अनेक संस्थांच्या संयुक्त योजनेतल्या) जागा आर्थिकदृष्ट्या सर्वांत चांगल्या असतात. त्यांची अट अशी, की नेमणुकीपूर्वीच्या 36 महिन्यांत तुम्ही त्या देशात 12 महिन्यांहून अधिक राहिलेले नसावे. गोव्यातून पहिल्यांदाच जाणाऱ्याला ही अट आपोआप अनुकूल ठरते. म्हणूनच ज्यांना पोर्तुगालला मामाकडे जाऊन वर्ष-दीड वर्ष राहून मग तेथेच अर्ज करावा असे वाटते, त्यांनी जाण्यापूर्वी हे वाचावे.

अमेरिकेची रीत वेगळी आहे. तेथे एका प्राध्यापकाकडे नव्हे, तर संपूर्ण अभ्यासक्रमाकडे अर्ज जातो, मुदत साधारणतः डिसेंबरमध्ये संपते, आणि जीवशास्त्रात पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे काम करून मग मार्गदर्शक ठरतो. जीवशास्त्राच्या पुष्कळ अभ्यासक्रमांनी जीआरई काढून टाकली आहे, इंग्रजीची परीक्षा मात्र बहुतेक ठिकाणी लागते. प्रत्येक अर्जाला शुल्क असल्यामुळे विचारपूर्वक पाच-सहाच निवडा. काही विद्यापीठे विनंती केल्यास शुल्क माफ करतात, तेव्हा विचारायला लाजू नका. शिफारसपत्रांसाठी तुमच्या शिक्षकांना निदान महिनाभर आधी सांगा, आणि सोबत तुमच्या कामाचे एक पान द्या, म्हणजे त्यांना पत्रात नेमके काही लिहिता येईल.

प्रश्न : माझे वय 31 आहे, मुलगी दोन वर्षांची आहे. एमएस्सीनंतर सहा वर्षे उच्च माध्यमिकमध्ये शिकवते. सासरची माणसे पाठीशी आहेत, पण मुलाखतीत ‘मूल लहान आहे, जमेल काय?’ असे विचारले गेले आणि मी गप्प झाले. माझी वेळ गेली आहे काय? – डिचोली

उत्तर : वेळ गेलेली नाही. तो प्रश्न तुम्हाला विचारला गेला याचे मला फार वाईट वाटले. तो विचारायला नको होता. नियम तुमच्या बाजूने आहेत. पीएचडीचा कमाल काळ सहा वर्षांचा आहे, पुनर्नोंदणीने तो आणखी दोन वर्षे वाढतो, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची अधिक सवलत मिळते. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. जेआरएफच्या वयोमर्यादेतही स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीएचडी ही स्त्रियांसाठीची वेगळी फेलोशिप आहे, तिची जाहिरात पाहत राहा. नोकरी सोडणे शक्य नसेल, तर संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ पीएचडी करण्याचीही सोय आहे. पण प्रयोगशाळेतल्या विषयात ती फार ओढाताण करते. क्षेत्रकामाचा किंवा आधीच गोळा झालेल्या माहितीवरचा विषय असेल तरच ती निवडावी.

पुढच्या वेळी तोच प्रश्न आला, तर उत्तरादाखल कामाचे वेळापत्रक पुढे ठेवा : मी सकाळी साडेनऊ ते साडेपाच प्रयोगशाळेत असेन, रात्री प्रयोगाची मोजमापे घ्यायची असतील त्या दिवशी घरी सासूबाई आहेत, आणि नमुने आणायला बोटीवर जायचे असेल तर मला आठ दिवस आधी कळावे. होकार देण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेत आधी काम केलेल्या एका तरी विवाहित विद्यार्थिनीला फोन करा. मार्गदर्शक रजेच्या दिवशी कसे वागतात, मुलाला ताप आला म्हणून प्रयोग पुढे ढकलला तर काय बोलतात, आणि तिचा प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाला, हे तिला विचारा.